वाचताना कळतं, पेपरात मिसळतं: सेकंड पीयूच्या बायॉलॉजीतले नेहमीचे गोंधळ

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात सेकंड पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्स. ती विचारते: "सर, बायॉलॉजी वाचताना सगळं कळतंय, पण पेपरात एकात एक मिसळायलंय. क्रोमोसोम किती नि डीएनए किती, होमोलोगस कुठलं नि अॅनालोगस कुठलं, टेम्प्लेट स्ट्रँड कुठला, काही सुधरत नाही. माध्यम बदलल्यामुळं व्हायलंय काय हे? आणि निस्तरायचं कसं?"

माध्यमाचं आधी सांगून टाकतो. त्याचा त्रास होतो, पण तो पहिल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतचा. तू जी यादी दिलीस ती त्यातली नाही. बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेली शहरातली मुलं माझ्या वर्गात याच जागांवर अडखळतात, त्यामुळे तो न्यूनगंड सोड. इथं होतं काय, की एकाच वस्तूबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात आणि आपण एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो. गुणसूत्रं किती, हा एक प्रश्न. डीएनए किती, हा दुसरा. अवयव आला कुठून आणि तो करतो काय, हेही दोन वेगळे प्रश्न. व्याख्या कितीही घोकली तरी हे सुटत नाही. पेन्सिल घेऊन मोजायला बसलीस की सुटतं.

तर मोजू. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड तू लॅबमध्ये केली असशील. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं. एनसीईआरटीच्या पुस्तकात यावर एक प्रश्न आहे, पेशीचक्रातल्या जी-वन (वाढीचा), एस (डीएनएची नक्कल होण्याचा) आणि एम (विभाजनाचा) या टप्प्यांवर गुणसूत्रं किती आणि डीएनए किती, असा. बहुतेक मुलं एस फेजनंतर ३२ लिहितात, "डीएनए दुप्पट झाला म्हणजे क्रोमोसोमपण दुप्पट" या हिशेबाने. उत्तर १६ आहे. जी-वनला १६, एसनंतर १६, विभाजन संपल्यावर प्रत्येक पेशीत १६. डीएनए मात्र जी-वनला २सी (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका, नक्कल न झालेल्या संचातला डीएनए), एसनंतर ४सी, विभाजनाआधीच्या जी-टूलाही ४सी आणि विभाजनानंतर परत २सी.

गुणसूत्रं मोजायचा नियम एकच आहे: सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राचे धागे जिथं जोडलेले असतात ती जागा, मोज. एका सेंट्रोमिअरला जोडलेला जो काही ऐवज असेल, एक धागा असो की दोन, ते एक गुणसूत्र. डीएनए मोजायचा असेल तर धागे मोज. मेटाफेजला, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तेव्हा, सेंट्रोमिअर १६, धागे ३२. अॅनाफेजला सेंट्रोमिअर दुभंगतात आणि पेशी अजून एकच असते, म्हणून तेवढा वेळ तिच्यात ३२ गुणसूत्रं असतात. हा क्षण परीक्षकांचा फार लाडका आहे. सीईटीत "अॅनाफेजमध्ये पेशीत किती" असं विचारलं की वाचणाऱ्याचं लक्ष "अॅनाफेज" या शब्दावर हवं आणि "पेशीत" यावरही. "प्रत्येक ध्रुवाकडे" विचारलं असतं तर उत्तर १६ झालं असतं.

मायोसिसला, म्हणजे गुणसूत्रसंख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाला, याच नियमाने जा. सुरुवातीला १६ गुणसूत्रं, ३२ धागे, ४सी. प्रोफेज-वनमध्ये जोड्या लागतात, ८ बायव्हॅलंट होतात, पण सेंट्रोमिअर अजून १६च. अॅनाफेज-वनमध्ये सेंट्रोमिअर दुभंगत नाहीत, जोडीदार वेगळे होतात. म्हणून मायोसिस-वन संपल्यावर प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रं, १६ धागे, २सी. मध्ये डीएनएची नक्कल होत नाही. मायोसिस-टूमध्ये सेंट्रोमिअर दुभंगले की शेवटी ८ गुणसूत्रं, ८ धागे, एक सी. बघ, गुणसूत्रसंख्या निम्मी होते ती पहिल्या फेरीत. दुसऱ्या फेरीत संख्या ८ची ८च राहते, धागे निम्मे होतात. वर्गात विचारलं तर निम्मी मुलं उलटं सांगतात.

होमोलोगस गुणसूत्रं आणि सिस्टर क्रोमॅटिड यांतला फरक डोक्यात बसत नसेल तर असं धर: एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. धडे तेच, मजकुरात कुठं कुठं फरक. या झाल्या होमोलोगस. त्यातल्या एका आवृत्तीची झेरॉक्स काढून मूळ प्रतीला स्टेपल केली की त्या दोन प्रती सिस्टर क्रोमॅटिड. मायोसिस-वन आवृत्त्या वेगळ्या करतं, मायोसिस-टू स्टेपल काढतं. क्रॉसिंग ओव्हर दोन आवृत्त्यांमध्ये पानं बदलण्याचा प्रकार आहे. झेरॉक्स आणि मूळ प्रतीत पानं बदलून नवीन काय मिळणार?

हे जमलं की पुढचं प्रकरण सोपं जातं, आणि त्यासाठी तुमच्याकडचं भात घे. भाताची २एन संख्या, म्हणजे साध्या पेशीतली गुणसूत्रं, २४. आता विचार: अंडपेशीत किती? १२. पराग तयार करणाऱ्या मातृपेशीत? २४. परागकणातल्या जनन पेशीत १२, अंडपेशीशेजारच्या सिनर्जिडमध्ये १२, समोरच्या टोकाच्या अँटिपोडलमध्ये १२, या सगळ्यांना वेढणाऱ्या न्यूसेलसमध्ये २४. झायगोटमध्ये (फलित अंडपेशीत) २४, एंडोस्पर्ममध्ये (बीमधल्या अन्नसाठ्यात) ३६. पाठ करू नकोस. प्रत्येक वेळी एवढंच विचार की ही पेशी मायोसिसच्या आधीची, नंतरची की फलनानंतरची? आधीची असेल तर २४, नंतरची असेल तर १२. फलनानंतर गर्भ २४, आणि एंडोस्पर्म ३६, कारण मध्यवर्ती पेशीतली दोन केंद्रकं आणि एक नर केंद्रक असे तीन बारा एकत्र येतात. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं.

गिरणीतून भात भरडून आणतेस तेव्हा निघणारं तूस फुलाच्या बाहेरच्या भागाचं, म्हणजे आईच्या झाडाचं, २४ गुणसूत्रांचं. आतला छोटा अंकुर पुढच्या पिढीचा, तोही २४. दोन्ही आकडे सारखे, पण एक आईचा नि दुसरा लेकराचा. आपण जो पांढरा तांदूळ शिजवतो तो जवळपास सगळा एंडोस्पर्म, ३६ गुणसूत्रांचा. पॉलिश करताना अंकुर आणि अॅल्यूरोनचा थर कोंड्यात जातो. अॅल्यूरोन हा एंडोस्पर्मचाच बाहेरचा थर, म्हणून तिथंही ३६. यावर प्रश्न हमखास येतो. नारळाचं विचारलं तर: पाणी म्हणजे फ्री-न्यूक्लिअर एंडोस्पर्म, खोबरं म्हणजे सेल्युलर एंडोस्पर्म.

याच्याच जोडीचा एक हिशेब आहे, पोरांना तो चकवतो. भाताचे १०० दाणे तयार व्हायला किती मायोसिस लागतात? घाईत उत्तर येतं ५०, नाहीतर २००. एका मायोसिसमधून चार परागकण मिळतात, म्हणून १०० परागांना २५ पुरतात. स्त्री बाजूला चार मेगास्पोरपैकी तीन नष्ट होतात आणि एकच उरतो, म्हणून १०० अंडपेशींना १०० मायोसिस. एकूण १२५.

फळांचं थोडक्यात सांगतो. काजूच्या मोसमात घरात बोंडांचा वास सुटतो, त्या वेळी हातात घेऊन बघ: रसाळ बोंड म्हणजे फळ नव्हे, ते फुलाच्या तळाचा फुगलेला भाग आहे, पुस्तक त्याला थॅलॅमस म्हणतं. खाली लोंबणारं टणक, मूत्रपिंडाच्या आकाराचं, ज्याला आपण काजूबी म्हणतो ते खरं फळ, आणि आतला गर म्हणजे बी. ओव्हरीपासून (फुलातल्या अंडाशयापासून) झालं ते फळ, एवढा निकष लाव. सफरचंद, स्ट्रॉबेरी याच पंगतीतली.

आता होमोलोगस आणि अॅनालोगस अवयव. एक सूचना आधी. "होमोलोगस" हा शब्द गुणसूत्रांच्या धड्यातही आहे आणि उत्क्रांतीच्या धड्यातही. तिथला अर्थ इथं आणू नकोस. उत्क्रांतीत विचारायचे दोन प्रश्न: हा अवयव मुळात कशापासून आला, आणि काम काय करतो? मूळ एक, काम वेगळं: होमोलोगस. मूळ वेगळं, काम एक: अॅनालोगस.

पुस्तकात अॅनालोगसचं उदाहरण आहे बटाटा आणि रताळं. बेळगाव तालुक्यात दोन्ही पिकतात, त्यामुळे कुठल्याही शेतकऱ्याला विचारलंस तरी अर्धं उत्तर मिळेल. बटाटा लावताना डोळे असलेले तुकडे करतात. ते डोळे म्हणजे कळ्या, आणि कळ्या पेरावर असतात. पेरं खोडाला असतात, मुळाला नसतात. म्हणून बटाटा हे खोड. रताळ्याची लागवड वेलाचे तुकडे जमिनीत खोचून करतात आणि त्या वेलाला फुटलेली मुळं अन्न साठवून फुगतात. रताळं हे मूळ. एक खोड, एक मूळ, काम दोघांचं साठवणीचं. म्हणून अॅनालोगस. उलट बोगनवेलीचा काटा आणि भोपळ्याचा ताणा: दोन्ही खोडाच्याच कळीपासून आलेले, एक राखण करतो, दुसरा आधार धरतो. म्हणून होमोलोगस.

खरी गंमत वटवाघळाची. खानापूरच्या भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत, तिथं राहणारं राउटनचं फ्री-टेल्ड वटवाघूळ वन्यजीव अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याचा पंख आणि फुलपाखराचा पंख अॅनालोगस, इथं कुणाचं दुमत नाही. त्याचा पंख आणि माणसाचा हात होमोलोगस, हाडांचा सांगाडा तोच. पण वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख? पुढचा पाय म्हणून बघितलंस तर होमोलोगस, कारण दोघांची हाडं एकाच पूर्वजाच्या पुढच्या पायापासून आलेली. पंख म्हणून बघितलंस तर अॅनालोगस, कारण पंख दोघांनी स्वतंत्रपणे मिळवला: एकाने बोटांमध्ये कातडी ताणून, दुसऱ्याने पिसं लावून. मुलं इथं वाद घालतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. प्रश्नात "फोरलिंब" लिहिलंय की "विंग" ते बघून उत्तर दे. प्रश्नच मोघम असेल तर तो विचारणाऱ्याचा दोष समज आणि पुढं हो.

उत्क्रांतीतला आणखी एक घोळ वाक्यरचनेतून शिरतो. "किडीने औषधाची सवय करून घेतली" असं शेतात सगळे बोलतात. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने कितीतरी कीटकनाशकं निकामी केली आहेत. पण कुठल्याही एका अळीने जिवंतपणी सवय करून घेतलेली नसते. फवारणीआधीच लाखो अळ्यांत थोड्या अशा असतात की ज्यांच्यावर औषध कमी चालतं. बाकीच्या मरतात, या उरतात, पुढची पिढी यांची. बदललं ते त्या किडीच्या सगळ्या समूहातलं प्रमाण. परीक्षेत "गरज पडली म्हणून बदल झाला" असं लिहिलंस की तू डार्विनच्या प्रश्नाला लामार्कचं उत्तर दिलंस.

जेनेटिक्समध्ये दोनच गोष्टींवर थांबतो, बाकीचं पुस्तकात नीट आहे. पहिली: डॉमिनंट म्हणजे जास्त लोकांत सापडणारं, हा समज. रक्तगट ओ रीसेसिव्ह (दोन्ही प्रती तशाच असतील तरच दिसणारा) आहे, तरी तुझ्या वर्गात ओवाले भरपूर निघतील. सहा बोटं असण्याचा एक प्रकार डॉमिनंट आहे, तरी सहा बोटांची माणसं विरळा. डॉमिनन्स सांगतं की एका माणसात दोन वेगळे अॅलील (एकाच जनुकाची दोन रूपं) असले तर दिसणार कोण. समाजात किती जणांकडे कोणता अॅलील आहे, हा प्रश्नच वेगळा. दारातली गुलबक्षी बघ: लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी फूल आलं तर ते इनकम्प्लीट डॉमिनन्स. रक्तगट एबीमध्ये दोन्ही अँटिजेन पूर्णपणे दिसतात, तो कोडॉमिनन्स. मिसळलं की दोन्ही वेगवेगळं दिसलं, एवढं तपास.

दुसरी गोष्ट संभाव्यतेची, आणि आपल्या भागात ती पुस्तकापुरती नाही. थॅलेसेमियासारख्या रीसेसिव्ह आजाराचे आईवडील दोघेही वाहक (एकच सदोष प्रत असलेले, स्वतः निरोगी) असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता एकचतुर्थांश. "एकाला झाला, आता पुढची तिन्ही बरी निघतील" हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक गरोदरपणात तो एकचतुर्थांश नव्याने लागू होतो. चार मुलं झाली तर चौघंही आजारमुक्त असण्याची शक्यता २५६ पैकी ८१, म्हणजे जवळपास एकतृतीयांश. आणि आजारी मुलाचं भावंड निरोगी असेल तर ते वाहक असण्याची शक्यता किती? पोरं अर्धी म्हणतात. ते आजारी नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून चारातला तो एक भाग वगळ. उरलेल्या तीनपैकी दोन वाहक. उत्तर दोनतृतीयांश.

पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीच्या आकृतीत, नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ असते ती जवळच्या नात्यातल्या लग्नाची खूण. सीमाभागात मामा-भाचीचं आणि आते-मामेभावंडांचं लग्न नवीन नाही, त्यामुळे हिशेब करूनच बघ. समज, आजीकडे एक रीसेसिव्ह अॅलील आहे. तो तिच्या मुलाकडे, म्हणजे मामाकडे, जायची शक्यता अर्धी. मुलीमार्फत नातीकडे जायची एकचतुर्थांश. मामा-भाची दोघांकडे असण्याची एकअष्टमांश, आणि त्यांच्या मुलाला आजार होण्याची त्याच्याही एकचतुर्थांश, म्हणजे ३२ला एक. आते-मामेभावंडांत हाच हिशेब ६४ला एक येतो. मला इथं कुणाच्या घरातल्या चालीरीतीवर बोलायचं नाही. दुहेरी रेघ दिसली की रीसेसिव्हचा संशय आधी का घ्यायचा, ते या आकड्यांतून दिसतं.

एक्स-लिंक्डला, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांच्या आजारांना, नातं आणखी उपयोगी पडतं. हिमोफिलिया किंवा रंगांधळेपणात वडिलांकडून मुलाला काही येत नाही, वडील मुलाला वाय देतात. आजारी मुलगा दिसला की त्याचा मामा आणि आईचे वडील तपास. वडील रंगांधळे असतील तर सगळ्या मुली वाहक.

टेम्प्लेट आणि कोडिंग स्ट्रँडबद्दल तू विचारलंस. एकदा लिहून काढ, कायमचं सुटतं. टेम्प्लेट, म्हणजे ज्यावरून आरएनए तयार होतो तो डीएनएचा धागा, ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं): टीएसी जीजीटी सीटीए एटीटी. त्यासमोर तयार होणारा एमआरएनए ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे: एयूजी सीसीए जीएयू यूएए. कोडिंग स्ट्रँडही ५कडून ३कडे: एटीजी सीसीए जीएटी टीएए. शेवटच्या दोन ओळी एकाखाली एक ठेव. फरक फक्त यू आणि टीचा. कोडिंग स्ट्रँडवरून काहीच वाचलं जात नाही, त्याचा क्रम एमआरएनएसारखा दिसतो म्हणून ते नाव मिळालं. आणि या उदाहरणात चार कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे गट) असले तरी अमिनो आम्लं तीनच, कारण यूएए हा स्टॉप कोडॉन. प्रश्नात कुठला स्ट्रँड दिलाय आणि कुठल्या टोकाकडून, हे दोन तपशील अधोरेखित केल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

सी-फोर वनस्पतींबद्दल एकच वाक्य लक्षात ठेव: ऊस, मका, ज्वारी यांच्यातही केल्विन सायकल (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारं चक्र) असतंच, फक्त ते बंडल शीथ पेशींत चालतं. मेसोफिलमध्ये होतो तो पहिला टप्पा, चार कार्बनचं आम्ल तयार करण्याचा. "सी-फोरमध्ये केल्विन सायकल नसतं" हे विधान पर्यायांत असतं आणि भलेभले त्यावर खूण करतात. चिक्कोडीकडचा ऊस सी-फोर, निपाणीचा तंबाखू आणि बेळगावचा सोयाबीन सी-थ्री. पल्मोनरी आर्टरीत अशुद्ध रक्त का, हाही असाच प्रश्न: आर्टरी ठरते ती हृदयाकडून बाहेर जाण्याच्या दिशेवर, रक्तातल्या ऑक्सिजनवर नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर तीन महिन्यांत पुस्तक पाच वेळा वाचण्यापेक्षा एक वेगळी वही कर. प्रत्येक पानावर अशी एकच जोडी घे, आणि वर व्याख्येऐवजी प्रश्न लिही: "सेंट्रोमिअर किती? धागे किती?", "आलं कुठून? करतं काय?". खाली स्वतःचं उदाहरण, आकडे भरून. गाईडमधले फरकाचे तक्ते उतरवून घेऊ नकोस. त्यात डावा रकाना आणि उजवा रकाना पाठ होतो आणि पेपरात दोन्ही रकाने अदलाबदल करून येतात.

दादाचं किंवा ताईचं जुनं पुस्तक वापरत असशील तर धड्यांची यादी नव्या पुस्तकाशी ताडून घे. २०२२ मध्ये एनसीईआरटीने मजकूर कमी केला तेव्हा बारावीचे काही धडे गळले, त्यामुळे धड्यांचे क्रमांक जुळत नाहीत. गळलेला भाग रात्र जागून वाचणारी मुलं दरवर्षी भेटतात. नीटला चुकलेल्या उत्तराचा एक गुण जातो, सीईटीला जात नाही. म्हणून दोन पर्यायांत अडकलीस तर सीईटीत खूण करून मोकळी हो, आणि नीटमध्ये वर सांगितलेला प्रश्न स्वतःला विचारून एक पर्याय खोडता येतोय का ते आधी बघ.

मायोसिसची मोजणी कागदावर करून बघ आणि जिथं अडेल तो टप्पा आकड्यांसकट पाठव, म्हणजे नेमकं कुठं चुकतंय ते सांगता येईल.